प्रत्येक म्हणजे कोण?

इंग्रजी व्याकरणातील सर्वनामांचे प्रकरण विद्यार्थ्यास प्रथमदर्शनी सोपे वाटते. ‘आय’, ‘यू’, ‘ही’, ‘शी’ हे शब्द त्यास लहानपणापासून ठाऊक असतात. परंतु प्रकरणाच्या उत्तरार्धात दोन लहान गट येतात आणि तेथे भल्याभल्यांची लेखणी अडखळते. एक गट अनिश्चित सर्वनामांचा. ‘समबडी’, ‘एनीबडी’, ‘नोबडी’, ‘वन’ हे त्यातील शब्द अमुक एका व्यक्तीकडे बोट दाखवीत नाहीत. दुसरा गट पृथक्त्वदर्शक सर्वनामांचा. ‘ईच’, ‘आयदर’, ‘नायदर’ हे शब्द समुदायातील एकेकास वेगळे काढून दाखवितात. जुने व्याकरणकार ‘एव्हरी’ हा शब्दही याच गटात घालीत. वर्गात मुले पन्नास असोत की पाचशे, ‘ईच’ त्यांच्याकडे एकेक करून पाहतो आणि म्हणून त्याचे क्रियापद एकवचनी असते. ‘ईच ऑफ द बॉईज’ यानंतर ‘हॅव’ लिहिणाऱ्या किती विद्यार्थ्यांचे गुण आजवर कापले गेले असतील याची गणती नाही. जवळच उभा असलेला ‘बॉईज’ हा अनेकवचनी शब्द त्यांना फसवितो, एवढेच त्यांच्या चुकीचे कारण.

ही अडचण सरावाने दूर होते. खरी अडचण पुढे आहे. वर्गात मुलगे आणि मुली दोन्ही आहेत आणि ‘प्रत्येक विद्यार्थ्याने आपली वही आणावी’ हे वाक्य इंग्रजीत लिहावयाचे आहे. ‘एव्हरी’ लिहून झाले, विद्यार्थी लिहून झाला, आता वहीपूर्वी कोणता शब्द घालावयाचा? ‘हिज’ म्हटले तर वही मुलग्याची झाली, ‘हर’ म्हटले तर मुलीची झाली, आणि ‘देअर’ म्हटले तर एकाच्या जागी अनेक उभे राहिले. सुमारे दोनशे वर्षे शाळांनी याचे एकच उत्तर शिकविले. ‘हिज’ लिहावे, पुल्लिंगात स्त्रीलिंगाचा समावेश होतो, असे ते उत्तर होते. हा नियम कोणी घातला आणि वर्गाबाहेर पडल्यावर त्याने काय काय केले, याचा इतिहास व्याकरणाच्या पुस्तकात नसतो. त्याचा बराचसा भाग न्यायालयांच्या दप्तरांत सापडतो.

मराठी माणसास या अडचणीची कल्पना सहजासहजी येत नाही, याचे कारण आपल्या भाषेची ठेवण वेगळी आहे. ‘प्रत्येकाने आपापली वही आणावी’ या वाक्यात ‘आपापली’ हा शब्द वहीच्या लिंगाप्रमाणे चालतो. वही कोणाची, पुरुषाची की स्त्रीची, याची तो चौकशीच करीत नाही. पुस्तक असेल तर ‘आपापले’, फळा असेल तर ‘आपापला’. इंग्रजीत नेमके उलट आहे. तेथे वस्तूचे लिंग कोणी विचारीत नाही, मालकाचे मात्र सांगावेच लागते. आपल्याकडे आणखी एक सोय आहे ती नपुंसकलिंगाची. दार वाजले आणि बाहेर कोण आहे ते ठाऊक नसले, म्हणजे आपण ‘कोणीतरी आले आहे’ असे म्हणतो. तो ‘आला’ही नसतो आणि ती ‘आली’ही नसते. स्त्रीपुरुष मिळून निघाले की ‘ती सगळी गेली’ असे आपण नपुंसकलिंगी अनेकवचन वापरतो. इंग्रजीत नपुंसकलिंगी ‘इट’ आहे खरा, पण तान्हे मूल सोडले तर माणसास ‘इट’ म्हणणे हा अपमान होतो. मराठीत सारेच निष्पक्षपाती आहे असे मात्र नव्हे. ‘जो तो आपल्या घरी गेला’ या वाक्यातील ‘जो’ आणि ‘तो’ पुल्लिंगीच आहेत, आणि ‘प्रत्येकीने’ हे वेगळे रूप हाताशी असूनही मिश्र सभेत ‘प्रत्येकाने’ असेच म्हटले जाते.

आता मूळ इंग्रजीकडे वळू. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘ईच’चे पूर्वरूप ‘अॅल्च’ असे होते. त्यास ‘सदैव’ या अर्थाचा ‘अॅव्हरे’ हा शब्द जोडून ‘एव्हरी’ तयार झाला. म्हणजे ‘एव्हरी’ हा शब्द ‘ईच’च्याच पोटातून निघालेला आहे. ‘एनी’ आणि ‘नन’ हे दोन्ही ‘वन’ या संख्येचे वंशज. त्या काळी आणखी एक अनिश्चित सर्वनाम होते, ते म्हणजे ‘मान’. जर्मन भाषेत ते अद्याप जिवंत आहे. ‘असे म्हणतात’, ‘असे करतात’ या आपल्या वाक्यांत जो कर्ता लपलेला असतो, तोच हा ‘मान’. हा शब्द म्हणजेच आजचा ‘मॅन’. पण जुन्या इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ पुरुष असा नव्हता, मनुष्य असा होता. पुरुषासाठी ‘वेर’ आणि स्त्रीसाठी ‘वीफ’ हे शब्द वेगळे होते. ‘वीफ’ आणि ‘मान’ मिळून ‘वीफमान’ झाला आणि त्याचाच झिजून ‘वुमन’ झाला. मराठीतील ‘बाईमाणूस’ हा शब्द अगदी याच घडणीचा आहे. पुढे ‘वेर’ लोपला, ‘मॅन’ने त्याची जागा घेतली आणि मनुष्य व पुरुष हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदू लागले. या दोन अर्थांच्या सहवासातून पुढे केवढा कज्जा उभा राहिला ते पुढे दिसेलच.

‘दे’ हे सर्वनाम मुळात इंग्रजी नव्हेच. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसाहत केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून ते आले आणि हळूहळू दक्षिणेकडे सरकले. परक्या घरातून आलेल्या या शब्दाने लवकरच एक रिकामी जागा भरून काढली. चौदाव्या शतकातील इंग्रजी काव्यात ‘ईच’सारख्या एकवचनी शब्दामागे ‘दे’ आलेला आढळतो, आणि चॉसरच्या लेखनातही त्याची उदाहरणे आहेत. शेक्सपियरच्या नाटकांत एका मनुष्याचा उल्लेख करून पुढे ‘देअर’ म्हटलेले सापडते. १६११ साली राजा जेम्सच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतरात, मत्तयाच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरच्या ओवीत, ‘एव्हरी वन’मागून ‘देअर’ आला आहे. ते भाषांतर करणारे सत्तेचाळीस पंडित ग्रीक आणि हिब्रू कोळून प्यालेले होते. त्यांना एकवचन आणि अनेकवचन यांतील भेद ठाऊक नव्हता असे कोणी म्हणणार नाही. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतूनही ‘एव्हरीबडी’मागे ‘देअर’ विपुल आहे. तात्पर्य, इंग्रज बोलताना आणि लिहिताना पाचशे वर्षे या अडचणीतून आपली वाट बिनतक्रार काढीत होता.

वाट अडविली ती व्याकरणकारांनी. इंग्रजीची पहिली व्याकरणे लॅटिनच्या साच्यात ओतलेली होती. विल्यम बुलोकरचे १५८६ चे व्याकरण इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण समजले जाते, आणि विल्यम लिलीच्या लॅटिन व्याकरणाची छाया त्यावर स्पष्ट आहे. बेन जॉन्सन या नाटककाराचे इंग्रजी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली लंडनमध्ये छापले गेले. गोमंतकीयांना हे साल परिचित वाटेल, कारण फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाचे कोकणीचे व्याकरणही त्याच्या मृत्यूनंतर त्याच १६४० साली रायतूर येथे छापून निघाले. दोन्ही भाषांना मोजपट्टी लागली ती लॅटिनचीच. तर त्या लिलीच्या व्याकरणात एक सूत्र होते. पुल्लिंग हे स्त्रीलिंगापेक्षा श्रेष्ठ आणि स्त्रीलिंग हे नपुंसकलिंगापेक्षा श्रेष्ठ, सबब भिन्न लिंगांची नामे एकत्र आल्यास विशेषणाने श्रेष्ठाचे अनुकरण करावे, असे ते सूत्र. लॅटिनमध्ये हा केवळ रूपे जुळविण्याचा नियम होता. इंग्रजीत विशेषणांना लिंग नसल्यामुळे त्यास तेथे काही काम नव्हते. परंतु निरुद्योगी नियमही स्वस्थ बसत नाही. तो सर्वनामांकडे वळला.

अठराव्या शतकाच्या मध्यास न्यूकॅसल येथे अॅन फिशर नावाची एक कर्तबगार स्त्री होऊन गेली. तिने मुलींची शाळा चालविली, मुद्रक थॉमस स्लॅकशी विवाह केल्यावर छापखान्याच्या व्यवसायात त्याला साथ दिली, आणि तिचे ‘ए न्यू ग्रामर’ हे व्याकरण त्या शतकातील अत्यंत खपाच्या व्याकरणांपैकी एक ठरले. इंग्रजीने लॅटिनच्या मागे फरफटत जाऊ नये असे तिचे ठाम मत होते. आणि तरीही, व्यक्तिमात्राचा सामान्य उल्लेख करताना पुल्लिंगी सर्वनाम वापरावे, त्यात स्त्री व पुरुष या दोहोंचा समावेश होतो, हा नियम ज्या आरंभीच्या इंग्रजी व्याकरणांत स्पष्ट शब्दांत आढळतो त्यांत तिच्या पुस्तकाचा निर्देश अभ्यासक आवर्जून करतात. यात तिला दोष देण्यात अर्थ नाही. वाक्य सुटसुटीत व्हावे एवढाच तिचा हेतू असावा.

१७६२ साली रॉबर्ट लाउथचे व्याकरण आले. हा पुढे लंडनचा बिशप झाला. मोठमोठ्या ग्रंथकारांच्या चुका तळटीपांत दाखविण्याची त्याची पद्धत होती, आणि त्या तडाख्यातून बायबलचे भाषांतरकारही सुटले नाहीत. परंतु या विषयावर शाळाशाळांतून ज्याचा अंमल चालला तो लिंडले मरे. १७४५ साली अमेरिकेत जन्मलेला हा वकील प्रकृती खालावल्यामुळे इंग्लंडमध्ये यॉर्क शहराजवळ येऊन राहिला. तो क्वेकर पंथाचा होता. यॉर्क येथील क्वेकर मुलींच्या शाळेतील शिक्षिकांना चांगले व्याकरण मिळेना, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून त्याने १७९५ साली आपले ‘इंग्लिश ग्रामर’ लिहिले. स्वतः चालणेही कठीण झालेल्या या गृहस्थाचे पुस्तक मात्र अर्ध्या जगभर फिरले. इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या प्रती लाखांनी खपल्या आणि हिंदुस्थानातील आरंभीच्या इंग्रजी शाळांतही त्याचे अध्ययन झाले. ‘ईच’, ‘एव्हरी’, ‘आयदर’ यांचा पृथक्त्वदर्शक गट आणि ‘सम’, ‘एनी’, ‘वन’, ‘ऑल’ इत्यादींचा अनिश्चित गट ही वाटणी घरोघर पोहोचली ती मुख्यतः त्याच्यामुळे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हा सर्वनामांचे वर्ग पाडण्याची जी रीत आपल्याकडे रुळू लागली, तिच्यावरही इंग्रजी व्याकरणांचा ठसा आहे.

मरेने अशुद्ध वाक्यांची उदाहरणे देऊन ती सुधारून दाखविली. त्यांत ‘एनी वन’मागून ‘दे’ आणि ‘देअर’ लिहिणे चूक, ‘ही’ आणि ‘हिज’ हे बरोबर, असा धडा आहे. वचनाचा प्रमाद त्याला खपला नाही. लिंगाचा प्रमाद त्याच्या लक्षात आला नाही, किंवा आला असला तरी त्यास तो प्रमाद वाटला नाही. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. एका व्यक्तीस अनेकवचनी ‘यू’ म्हणू नये, ‘दाऊ’ हे एकवचनच वापरावे, असा क्वेकर पंथाचा जुना आग्रह होता. त्यासाठी जॉर्ज फॉक्स व त्याच्या सहकाऱ्यांनी १६६० साली अनेक भाषांची उदाहरणे देणारा एक ग्रंथच छापला होता. जगाने त्यांचे ऐकले नाही. ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ म्हणणाऱ्या, एकट्या गुरुजींविषयी ‘गुरुजी आले’ असे अनेकवचन वापरणाऱ्या मराठी माणसास यात काही आश्चर्य वाटणार नाही. ‘यू’ने एकवचनात बस्तान बसविले ते व्याकरणकारांनी मान्य केले, आणि ‘दे’ने तेच केले तेव्हा त्याला दंड ठोठावला, ही विसंगती मात्र राहिलीच.

येथपर्यंतचा इतिहास पाटीपेन्सिलीचा आहे. १८५० साली तो कायद्याच्या पुस्तकात शिरला. ब्रिटिश संसदेचे कायदे त्या काळी अतोनात लांबत असत. ‘तो अथवा ती’, ‘त्याचे अथवा तिचे’, ‘व्यक्ती अथवा व्यक्ती’ अशी जोडरूपे ओळीओळीला येत. यावर उपाय म्हणून कायद्यांची भाषा संक्षिप्त करण्यासाठीच एक कायदा झाला. लॉर्ड ब्रूहॅमच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात सांगितले की, पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश समजावा, एकवचनात अनेकवचनाचा समजावा, मात्र एखाद्या कायद्यात स्पष्टपणे उलट सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. शाळेतील नियमाला अशा रीतीने राजमान्यता मिळाली. शाई आणि कागद वाचावा यापलीकडे त्यामागे काही हेतू होता असे दिसत नाही.

परंतु नियम लिहून ठेवला की कोणीतरी तो वाचते. १८३२ च्या मताधिकाराच्या कायद्यात ‘मेल पर्सन’, म्हणजे पुरुषव्यक्ती, असे शब्द होते. १८६७ च्या नव्या कायद्यात त्यांच्या जागी ‘एव्हरी मॅन’ असे आले. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल त्या वेळी संसदेचा सभासद होता. ‘मॅन’ काढून ‘पर्सन’ घालावा, अशी उपसूचना त्याने २० मे १८६७ रोजी, आपल्या एकसष्टाव्या वाढदिवशी, मांडली. बाजूने ७३ आणि विरुद्ध १९६ मते पडून ती फेटाळली गेली. शब्द ‘एव्हरी मॅन’ हाच राहिला. तेव्हा मँचेस्टरच्या स्त्रियांनी विचारले की, १८५० चा कायदा जिवंत असताना या ‘मॅन’मध्ये आमचा समावेश का होऊ नये?

प्रश्न कल्पनेतला नव्हता. मँचेस्टरमध्ये लिली मॅक्सवेल नावाची एक विधवा लहानसे दुकान चालवीत असे. ती करदाती असल्यामुळे नजरचुकीने तिचे नाव मतदारांच्या यादीत पडले. २६ नोव्हेंबर १८६७ रोजी पोटनिवडणुकीत ती मतदानाच्या जागी गेली. गुप्त मतदान इंग्लंडमध्ये आले ते १८७२ साली. तोपर्यंत मत मोठ्याने सांगावे लागे. तिने सर्वांसमक्ष जेकब ब्राइट याचे नाव घेतले आणि ते मत नोंदले गेले. यानंतर मँचेस्टरच्या ५,३४६ कर्त्या स्त्रियांनी आपली नावे यादीत घालावी म्हणून अर्ज केले. अर्ज नाकारले गेले आणि ‘चोर्ल्टन विरुद्ध लिंग्ज’ या नावाने प्रकरण लंडनच्या न्यायालयापुढे आले. स्त्रियांच्या बाजूने जॉन कोलरिज आणि रिचर्ड पँखर्स्ट हे वकील उभे राहिले. ९ नोव्हेंबर १८६८ रोजी निकाल लागला. न्यायाधीशांचे म्हणणे असे की, ‘मॅन’मध्ये कधी कधी स्त्रिया येतात हे खरे, पण मताधिकाराच्या बाबतीत स्त्री असणे हीच परंपरेने कायदेशीर अपात्रता आहे, आणि एवढा मोठा बदल संसद एखाद्या सर्वनामाच्या आडून करणार नाही. सर्व अर्ज फेटाळले गेले. दुसऱ्याच वर्षी, १८६९ साली, नगरपालिकांच्या निवडणुकीपुरता पुल्लिंगात स्त्रियांचा समावेश संसदेने स्पष्ट शब्दांत केला. पण १८७२ साली न्यायालयाने त्यातून विवाहित स्त्रियांना पुन्हा वगळले.

कर भरण्याच्या कायद्यातील ‘ही’ मात्र स्त्रियांना बिनबोभाट लागू होता. तुरुंगाच्या आणि फाशीच्या कायद्यातीलही. अमेरिकेत सुसान अँथनीने हे मर्म नेमके पकडले. १८७२ च्या नोव्हेंबरात तिने रॉचेस्टर येथे मत दिले, त्याबद्दल तिला अटक झाली, आणि खटला चालू होण्यापूर्वी ती गावोगाव व्याख्याने देत हिंडली. कायद्यात सर्वत्र ‘ही’, ‘हिज’, ‘हिम’ हेच शब्द आहेत म्हणून आम्हांस मत नाही असे म्हणावयाचे असेल, तर करातून आणि फाशीतूनही आम्हांस मोकळे करा, असा तिचा बिनतोड युक्तिवाद होता. १८७३ साली तिला १०० डॉलर दंड झाला. तो तिने अखेरपर्यंत भरला नाही.

‘मॅन’ जाऊन ‘पर्सन’ आला तरी फरक पडला नाही, हे पुढील खटल्यांवरून दिसते. स्कॉटलंडमधील पदवीधर स्त्रियांनी विद्यापीठ मतदारसंघात मत मागितले, तेव्हा कायद्यात ‘पर्सन’ हाच शब्द होता. तरी १९०८ साली लॉर्डांच्या सभेने त्यांना नकार दिला. १९१३ साली ग्वेनेथ बेब हिला सॉलिसिटर होण्याची परीक्षा देऊ देण्यात आली नाही. सॉलिसिटरांच्या १८४३ च्या कायद्यातच पुल्लिंगात स्त्रीलिंग येते असे कलम होते, तरीही. व्यवसायाची ही दारे उघडण्यासाठी १९१९ चा स्वतंत्र कायदा व्हावा लागला.

हेच नाटक आपल्याकडेही झाले, आणि त्यातील एक प्रमुख पात्र नाशिकची आहे. हिंदुस्थानात १८६० च्या दंडसंहितेच्या आठव्या कलमाने सांगितले होते की, ‘ही’ हे सर्वनाम कोणत्याही व्यक्तीविषयी, मग ती पुरुष असो वा स्त्री, वापरलेले आहे. पुढे १८९७ च्या सर्वसाधारण कायद्याच्या तेराव्या कलमाने हाच अर्थ सर्व कायद्यांना लागू केला. मात्र विषय किंवा संदर्भ यांच्याशी विरोध येत नसेल तरच, असे शेपूट त्याला होते. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे एका पारशी-ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुण्यास शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. १८९२ साली ऑक्सफर्ड येथे त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पण त्या विद्यापीठात तेव्हा स्त्रियांना पदवी मिळत नसल्यामुळे ती पदवी त्यांच्या हाती यावयास १९२२ साल उजाडले. परीक्षा उत्तीर्ण होऊनही वकिलांच्या यादीत नाव घालण्यास न्यायालये तयार होत ना. अखेर बंगालमध्ये सरकारी देखरेखीखालील पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींविषयी सल्ला देण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. ज्या अशिलांच्या उंबऱ्यात पुरुष वकिलास पाऊल ठेवता येत नसे, त्यांच्यासाठी न्यायालयात मात्र पुरुषच उभा राहू शकत होता.

१९१६ साली रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर स्त्रीने कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न स्वच्छ मांडला. वकिलांच्या १८७९ च्या कायद्यात ‘पर्सन’ हा शब्द आहे आणि त्याच्या जागी ‘ही’ येतो, १८९७ चा कायदा म्हणतो की, ‘ही’मध्ये स्त्री येते, मग माझे नाव का नको? पाच न्यायाधीशांनी प्रकरण ऐकले आणि वर सांगितलेल्या त्या शेपटावर बोट ठेवून अर्ज नामंजूर केला. ज्या काळी कायदा झाला त्या काळी स्त्री वकील ही कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती, सबब संदर्भ विरोधी आहे, असा त्याचा आशय. १९२१ साली पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांनाही असाच नकार मिळाला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलिया सोराबजी यांना वकील म्हणून दाखल करून घेतले. एका नदीकाठच्या शहरात ‘ही’मध्ये स्त्री येत होती आणि त्याच नदीच्या खालच्या अंगास असलेल्या शहरात येत नव्हती, असा तो प्रकार! १९२३ च्या कायद्याने केवळ स्त्री आहे म्हणून कोणासही वकिलीस अपात्र ठरविता येणार नाही असे सांगितले, तेव्हा कोठे हा घोळ मिटला.

सर्वनामांच्या या लढाईचा मोठा निकाल लागला तो कॅनडाच्या प्रकरणात. एमिली मर्फी या आल्बर्टा प्रांतात १९१६ साली न्यायदंडाधिकारी झाल्या, तेव्हा त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या वकिलाने, आपण कायद्याच्या दृष्टीने ‘पर्सन’च नाही, असा आक्षेप घेतला. पुढे त्यांनी आणि आणखी चार स्त्रियांनी, सेनेटवर नेमावयाच्या ‘पर्सन्स’मध्ये स्त्रिया येतात की नाही, हा प्रश्न लावून धरला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८ साली नाही म्हटले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लॉर्ड सँकी यांच्या मुखाने होय म्हटले. स्त्रिया येत नाहीत असे ज्याचे म्हणणे असेल त्याने ते सिद्ध करावे, हा त्या निकालाचा गाभा होता. साठ वर्षे स्त्रियांनी वाहिलेले पुराव्याचे ओझे त्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या डोक्यावर गेले. हिंदुस्थानचेही शेवटचे अपील त्या काळी याच प्रिव्ही कौन्सिलपुढे चालत असे.

व्याकरणाची मूळ अडचण तरीही शिल्लक होतीच. ती सोडविण्यासाठी नवी सर्वनामे घडविण्याचे खटाटोपही पुष्कळ झाले. चार्ल्स कॉन्व्हर्स या अमेरिकन वकिलाने १८८४ साली ‘थॉन’ हा शब्द सुचविला. गृहस्थ संगीतरचनाकारही होता, आणि त्याने चाल लावलेले एक ख्रिस्ती भजन जगभर गायले जाते. चाल टिकली, सर्वनाम टिकले नाही. १९३४ च्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशात ‘थॉन’ होता. १९६१ च्या आवृत्तीतून तो गळाला. सर्वनामे भाषेच्या हाडात असतात, नाण्यांप्रमाणे ती टांकसाळीत पाडता येत नाहीत. लोक आपले ‘दे’च म्हणत राहिले, आणि अखेर पंडितांनाही त्यांच्यामागे यावे लागले. २०१९ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेने एकवचनी ‘दे’ ग्राह्य ठरविला. आता परीक्षेत ‘एव्हरीवन’मागे ‘देअर’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापताना शिक्षकाने चॉसर, शेक्सपियर आणि १६११ चे बायबल यांचेही गुण कापावे लागतील याची जाणीव ठेवणे बरे. औपचारिक परीक्षेत मात्र वाक्यच अनेकवचनी करून टाकावे, ‘सर्व विद्यार्थ्यांनी’ असे, म्हणजे वाद उरत नाही. पूर्वीचे चतुर लेखकही असेच करीत.

कायद्याच्या भाषेतही बदल होत आहेत. ब्रिटिश सरकारने मार्च २००७ मध्ये जाहीर केले की, यापुढे विधेयके लिहिताना स्त्रियांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरण्याची प्रथा शक्यतो सोडून द्यावयाची. आपल्याकडे १८६० ची दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून गेली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिने ‘ही’ ठेवला आहे, पण त्याच्या व्याख्येत पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीस तृतीयपंथी व्यक्तीचाही उल्लेख केला आहे.

भारताच्या संविधानाच्या साठाव्या कलमात राष्ट्रपतींच्या शपथेची तरतूद आहे. इंग्रजी पाठात त्याचा आरंभ ‘एव्हरी’ या शब्दाने होतो, आणि पदग्रहणाचा उल्लेख येतो तेथे सर्वनाम आहे ‘हिज’. संविधानाचा अर्थ लावताना १८९७ चाच सर्वसाधारण कायदा लागू होतो, असे ३६७ व्या कलमात सांगितले आहे. २५ जुलै २००७ रोजी जळगावच्या न्यायालयात एके काळी वकिली केलेल्या श्रीमती प्रतिभा पाटील यांनी त्या कलमाप्रमाणे शपथ घेतली. ‘हिज’ जागच्या जागी होता. २५ जुलै २०२२ रोजी श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी शपथ घेतली, तेव्हाही तो तेथेच होता.